ग्रंथपालाचा पगार अनुदानाच्या बाहेर काढा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

राज्याचं ग्रंथालय संचालनालय आपल्या खात्यात येतं आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार राज्य ग्रंथालय परिषदेचे अध्यक्षही आपणच. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहिते आहे. मागणी एकच आहे, ती आधी सांगते. सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणाऱ्या ग्रंथपालांचं आणि सेवकांचं वेतन परिरक्षण अनुदानातून, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठी सरकार दरवर्षी देतं त्या रकमेतून, बाहेर काढावं आणि त्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी.

२०२२ च्या अखेरीस सरकारने या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला. बरीच वर्षं रक्कम जिथल्या तिथे होती आणि त्या काळात वर्तमानपत्रांपासून विजेच्या बिलापर्यंत सगळं वाढलं होतं, त्यामुळे आमच्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी त्या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं. पण ही वाढ खालच्या पायरीवर पोचते तेव्हा तिचं काय होतं, तेही पाहावं. अ, ब, क, ड या वर्गांतल्या सगळ्यात खालच्या, ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते, त्याचे ४८ हजार झाले. अनुदानातली निम्मी रक्कम वेतनावर खर्च करायची असते. म्हणजे त्या वाढीनंतर वर्षाला २४ हजार, महिन्याला २ हजार रुपये. गावातलं ग्रंथालय रोज उघडणाऱ्या, पुस्तकं देणाऱ्या-घेणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या माणसाची ही कमाई. पुढे आणखी वाढी आल्या तरी हिशेबाची रीत बदलल्याशिवाय त्या माणसाच्या हातात पोट भरण्याइतकं काही पडणार नाही, कारण प्रत्येक वाढ पुस्तकं, भाडं, वीज आणि माणूस यांच्यात वाटली जाते.

त्यातही अनुदान हप्त्यांनी येतं. दुसरा हप्ता मार्चअखेरीस हातात पडणं ही ग्रंथालयांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. मधल्या महिन्यांत छोट्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल कशावर जगतो? कुणी सकाळी दूध टाकतं, कुणी शिकवण्या घेतं, कुणी विम्याचे हप्ते गोळा करतं. ग्रंथालयाचं काम मग उरलेल्या वेळात होतं.

मी पुण्यातल्या एका पेठेतल्या ग्रंथालयाची बरीच वर्षं कार्यवाह होते. आमचं ग्रंथालय त्या मानाने सुस्थितीत आहे. वर्गणी येते, दिवाळी अंकांच्या योजनेला सभासद मिळतात, जुने सभासद देणग्या देतात. तरीसुद्धा कार्यकारिणीच्या सभेत सगळ्यात अवघड विषय कायम पगारांचाच असे. ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या, वाचकांना जीव लावणाऱ्या मुली आमच्याकडून गेल्या. एक औषधाच्या दुकानात गेली, एक बिग बझारसारख्या मोठ्या दुकानांच्या साखळीत हिशेबाला लागली. त्यांना थांबा म्हणण्याचा आम्हाला काही अधिकारच नव्हता.

अशी मुलगी जाते तेव्हा तिच्याबरोबर काय जातं, हे कुठल्याही नोंदवहीत सापडत नाही. देवघेवीच्या खिडकीशी येऊन एखाद्या आजी म्हणतात, मागे नेलं होतं ना, निळ्या मुखपृष्ठाचं, त्यात नर्मदेची परिक्रमा होती. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही. ग्रंथपाल उठते आणि दोन मिनिटांत ते पुस्तक हातात आणून ठेवते. सातवीतला मुलगा भुतांच्या गोष्टींवरून पुढे सरकत नसेल, तर त्याला शोधकथा दे, मग शिकारकथा दे, मग हळूच एखादं चरित्र दे, ही वाट तिला माहीत असते आणि प्रत्येक मुलासाठी ती वेगळी असते. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाला मोठा टाइप लागतो, कोणते गृहस्थ पानांवर पेन्सिलीने शुद्धलेखन दुरुस्त करतात, कुणाला सध्या मृत्यूवरची पुस्तकं देऊ नयेत, हे सगळं ती मनात ठेवते. संशोधनासाठी आलेल्या विद्यार्थ्याला मासिकांच्या जुन्या बांधीव खंडांत कोणत्या सालचा अंक हरवला आहे हेही तीच सांगते. जीर्ण पुस्तकांपैकी कोणतं बाद करायचं आणि कोणतं आता बाजारात मिळणार नाही म्हणून बांधणीला पाठवायचं, हा निर्णय नवख्या माणसाच्या हातात दिला तर काय होतं ते मी पाहिलं आहे. रद्दीच्या गठ्ठ्यातून आम्ही जुनी नियतकालिकं ओढून परत आणली आहेत. नवीन माणसाला इतकं कळायला काही वर्षं जावी लागतात. आणि ती वर्षं भरायच्या आत तोही निघून जातो.

पुण्याला ग्रंथालयांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. आजचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ साली ‘पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने सुरू झालं, त्यामागे लोकहितवादींचा पुढाकार होता. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं. या संस्था सरकारने काढल्या नाहीत, लोकांनी काढल्या, आणि महाराष्ट्राच्या कायद्याने त्याच परंपरेवर भरवसा ठेवला. इथे ग्रंथालय चालवते लोकांची संस्था, आणि सरकार मान्यता व अनुदान देतं. या रचनेचं मोल मी जाणते. सरकारी नोकरांच्या भरवशावर सोडली असती तर आमच्या पेठेतली बालवाचकांची स्पर्धा, व्याख्यानं, पुस्तकांवरच्या रंगलेल्या गप्पा यातलं काही झालं असतं असं वाटत नाही.

पण लोकांच्या भरवशावर चालणारी संस्था पुण्याच्या पेठेत जितकी टिकते तितकी भोर, मुळशी, जुन्नर, आंबेगावच्या वाड्यावस्त्यांत टिकत नाही. तिथे दोनशे रुपये वर्गणी मागितली तर सभासद नाव काढून घेतो. सभागृह भाड्याने देऊन उत्पन्न मिळवावं, तर ग्रंथालयच मुळात एका खोलीत असतं. त्या ग्रंथालयांचा सगळा भार अनुदानावर आणि एका माणसावर असतो.

शहरातही गरज कमी झालेली नाही, फक्त तिचं रूप बदललं आहे. सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शनिवार पेठेत राज्यभरातून आलेली मुलंमुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. एका खुर्चीसाठी, डोक्यावरच्या पंख्यासाठी आणि शांततेसाठी खासगी अभ्यासिकांना दरमहा पैसे मोजतात. त्यांचे आईवडील शेतात किंवा रोजंदारीवर राबून ते पैसे पाठवतात. सार्वजनिक ग्रंथालयांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यासिका चालवल्या तर यातल्या कितीतरी मुलांचा खर्च वाचेल. अनेक ग्रंथालयांकडे जागा आहे, संध्याकाळी रिकामं पडलेलं दालन आहे. रात्री दहापर्यंत बसून नंतर कुलूप लावणारा माणूस मात्र नाही, कारण दोन पाळ्यांना पगार कुठून द्यायचा?

आता संचालनालयाबद्दल. मुंबईच्या टाउन हॉलमधलं मुख्य कार्यालय, विभागांचे सहायक संचालक आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी अशी ही यंत्रणा. एका जिल्ह्यात ग्रंथालयं शेकडो आणि त्यांची तपासणी करायला जिल्हा कार्यालयातली मोजकी माणसं. तपासणीला आलेले अधिकारी दाखल नोंदवही पाहतात, रोजकीर्द, वर्गणीच्या पावत्या, हजेरीपट, लेखापरीक्षणाचा अहवाल पाहतात. सार्वजनिक पैशाचा हिशेब असाच काटेकोर पाहिला पाहिजे. मला भेटलेले बहुतेक अधिकारी सज्जन होते, वाचणारेही होते. पण त्यांना पुढच्या गावी जायचं असे. वाचकांनी मागितलेली कोणती पुस्तकं तुम्ही देऊ शकला नाहीत, मुलं का येईनाशी झाली, हे विचारण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसे. ग्रंथालयांना साहाय्य करण्यासाठी उभ्या केलेल्या खात्याचं मनुष्यबळ तपासण्यांतच संपून जातं. रिकामी पदं भरणं हा आपल्याच हातातला उपाय आहे.

ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही हेच संचालनालय जिल्हा ग्रंथालय संघांच्या मदतीने चालवतं. फार चांगलं काम आहे ते. खेड्यापाड्यांतली मुलं-मुली वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा शिकतात, परीक्षा देतात. मग त्यांना ज्या नोकरीसाठी शिकवलं तिथे जगण्यापुरतंही वेतन मिळत नाही, आणि शिकवण्यावर झालेला खर्च व त्यांची मेहनत दोन्ही वाया जातात.

हा प्रश्न कुणाच्या लक्षातच आला नाही असं मी म्हणणार नाही. १९७३ च्या प्रभा राव समितीपासून २००१ च्या व्यंकप्पा पत्की समितीपर्यंत सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणीचा विचार शासनाच्याच समित्यांनी केला आहे. कर्मचाऱ्यांची एक पिढी त्या अहवालांकडे डोळे लावून निवृत्त झाली. निवृत्त म्हणते, पण त्यांना निवृत्तिवेतन नव्हतंच.

पैसा कुठून आणायचा, असं आपले अधिकारी विचारतील. ते विचारणं त्यांचं कामच आहे. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर बसवला. कर्नाटकाने १९६५ साली तीच वाट धरली. आपण दोन वर्षांनी कायदा केला आणि उपकर टाळला. खरं तर ग्रंथालय कायद्याच्या बाबतीत मराठी मुलूख मागे नव्हता, देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने केला होता. आज नवा कर लावा म्हटलं तर लोक नाराज होतील, हे मला कळतं. पण पुण्यातल्या कुठल्याही घराचं मिळकतकराचं बिल उघडून पाहिलं तर त्यात राज्य सरकारचा शिक्षण कर आधीपासून आहे. १९६२ च्या कायद्याने तो वसूल होतो. शाळा सोडलेल्या माणसाचं शिक्षण जिथे आयुष्यभर चालू राहतं ती जागा ग्रंथालय आहे. त्या कराच्या उत्पन्नाचा लहानसा हिस्सा ग्रंथपालांच्या वेतनासाठी राखून ठेवला तर नव्या कराची गरजच पडणार नाही. कायद्यात बदल करावा लागेल, तो करावा.

दुसरी हरकत बोगस ग्रंथालयांची. ती खोटी नाही. केवळ कागदावर चालणारी, वर्षातून एकदा कपाटांवरची धूळ झटकणारी ग्रंथालयं होती. २०१२ साली महसूल यंत्रणेकडून राज्यभर पडताळणी झाली, दोषींवर कारवाई झाली, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गवाढ दीर्घकाळ थांबल्या आणि प्रामाणिकपणे वाढलेल्या ग्रंथालयांनाही त्याची झळ बसली. माझी मागणी या रोगावरही उपाय ठरेल. वेतन थेट ग्रंथपालाच्या बँक खात्यात, दरमहा जमा होऊ दे आणि ते ग्रंथालय किती तास उघडं होतं याच्याशी जोडलेलं असू दे. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो तो माणूस ग्रंथालय उघडं ठेवतो, आणि गावकऱ्यांनाही दार बंद दिसलं तर जाब विचारता येतो. संस्थाचालकाच्या मर्जीवर पगार अवलंबून राहिला नाही तर खोट्या नोंदींवर सही करायलाही तो नकार देऊ शकेल.

गेल्या काही वर्षांत पुस्तकांभोवती खूप चांगल्या गोष्टी घडल्या. २०१७ मध्ये भिलार पुस्तकांचं गाव झालं. राष्ट्रीय पुस्तक न्यासाने २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव सुरू केला, तिथली तरुणांची गर्दी पाहून मी हरखून गेले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरतात. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून ग्रंथालयांना पुस्तकं मिळतात. ती पुस्तकं गावात पोचतात, दाखल होतात, शिक्के बसतात. तिथून पुढे ती वाचकाच्या हातात द्यायला कुणीतरी बसलेलं हवं, आणि आपल्या सगळ्या योजनांत त्याच एका माणसासाठी पुरेशी तरतूद नाही.

म्हणून विनंती आहे की राज्य ग्रंथालय परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. सर्व वर्गांच्या ग्रंथालयांतल्या कर्मचाऱ्यांना किमान वेतनाच्या दराने पगार द्यायचा तर वर्षाला किती रक्कम लागेल, याचा हिशेब संचालनालयाकडून मागवावा. तो हिशेब आणि बैठकीचं इतिवृत्त संचालनालयाच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येईल असं ठेवावं. शिक्षण करातल्या हिश्शाबद्दल वित्त विभागाचं मतही लेखी घ्यावं. पुढचा अर्थसंकल्प मांडला जाण्याआधी हे सगळं होऊ शकतं. पुण्यातल्या ग्रंथालयांचे जमाखर्च, वेळा, पगारपत्रकं, जे जे आपल्या खात्याला पाहायचं असेल ते गोळा करून द्यायला आम्ही कार्यकर्ते तयार आहोत.

आपली,
पुण्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाची सभासद व माजी कार्यवाह