खाण्याच्या पानावर उपयोगाची माहिती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत परिसरातल्या खाण्याच्या ठिकाणांवर दर आठवड्याला एक पान असते. ते मी नेमाने वाचतो, पण वाचून कुठे जावे हे ठरवता येत नाही. सगळीकडची चव अप्रतिम, सगळीकडची सजावट सुंदर. काही खटकले असे एकाही हॉटेलाबद्दल लिहिलेले मला आठवत नाही. त्यातच ज्या हॉटेलाचे कौतुक असते, त्याचीच जाहिरात अनेकदा शेजारच्या पानावर दिसते. मजकूर पैसे घेऊन छापलेला असेल तर त्यावर तसे स्पष्ट लिहावे. नसेल, तर परीक्षण कोणी केले, कसे केले आणि बिल कोणी भरले, हे वाचकाला कळायला हवे.

हे काम चोख करता येते, याचा दाखला वृत्तपत्रांच्याच इतिहासात आहे. १९५७मध्ये क्रेग क्लेबॉर्न 'न्यूयॉर्क टाइम्स'चे खाद्यसंपादक झाले आणि त्यांनी हॉटेलांच्या परीक्षणाला शिस्त लावली. आपली ओळख द्यायची नाही, एका भेटीवर मत बनवायचे नाही, सोबत दोन-तीन माणसे न्यायची म्हणजे जास्त पदार्थ चाखता येतात, आणि बिल वृत्तपत्राने भरायचे. ओळख लपवण्याने किती फरक पडतो, हे पुढे १९९३मध्ये त्याच दैनिकातून रूथ राइकल यांनी दाखवून दिले. न्यूयॉर्कच्या एका नामांकित हॉटेलात त्या आधी वेष बदलून गेल्या, नंतर सर्वांनी ओळखावे अशा गेल्या, आणि दोन्ही अनुभव त्यांनी एकाच परीक्षणात मांडले. ओळख पटल्यावर आदबच काय, ताटलीतली फळेसुद्धा मोठी झाली होती! आपल्या पानावर लिहिणारे आधी फोन करून, छायाचित्रकाराला घेऊन जात असतील, तर त्यांना मिळालेला पाहुणचार आम्हा वाचकांच्या वाट्याला येणार नाही.

मोबाइलवर तारे आणि अभिप्राय असताना वृत्तपत्राने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. मला नेमके उलटे वाटते. हार्वर्ड विद्यापीठात असताना मायकल लुका या संशोधकाने अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या हॉटेलांची आकडेवारी अभ्यासली, तेव्हा ग्राहकांचे अभिप्राय दाखवणाऱ्या 'येल्प' या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्याला आढळले. हा फायदा स्वतंत्र हॉटेलांना होत होता, साखळी हॉटेलांवर परिणाम दिसला नाही. एका ताऱ्याला इतके मोल असेल, तर खोटे अभिप्राय लिहून घेण्याचा मोह होणारच. तिथे लिहिणाऱ्याचे खरे नावही कळत नाही. वृत्तपत्राला मात्र छापलेल्या मजकुराची जबाबदारी घ्यावी लागते, म्हणून तुमच्याकडून अपेक्षा आहे.

चवीबद्दल जरूर लिहा, पण चव ज्याची त्याची. घरातून निघताना आम्हाला वेगळेच प्रश्न पडतात. सुटीचा वार कोणता? पायऱ्या किती, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या चढता येतील का? स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का? एखाद्या पदार्थाची अॅलर्जी असेल तर वेटरला पदार्थात काय घातले आहे ते सांगता येते का? एकटी बाई जेवायला बसली तर तिला अवघडल्यासारखे होते का? यातले एकही उत्तर मला आपल्या पानावर कधी सापडलेले नाही.

स्वच्छतेबद्दल तर लिहायलाच हवे. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम वाढायचे अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ठेवायचे ५ अंशांच्या खाली असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परगण्यात १९९८पासून स्वच्छतेच्या सरकारी तपासणीत मिळालेला दर्जा हॉटेलाच्या दारावर लावला जातो, आणि वेल्समध्ये २०१३पासून तो लावणे कायद्याने बंधनकारक आहे. आपला प्रतिनिधी भटारखान्यात शिरू शकणार नाही, हे मान्य. पण हात धुण्याच्या जागी साबण आहे का, सगळी टेबले एकाच कळकट फडक्याने पुसतात का, तयार अन्न उघडे ठेवले आहे का, हे गिऱ्हाइकाच्या खुर्चीवरूनही दिसते. तेवढे लिहिले तरी पुष्कळ.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाहेर जेवणे ही सगळ्यांची हौस नसते. शिकायला आलेली मुले, रात्रपाळी संपवून निघालेले कामगार, रुग्णालयात कोणाच्या उशाशी बसलेले नातेवाईक यांना बाहेर जेवल्यावाचून गत्यंतर नसते. पोटभर, ताजे आणि रोज खाल्ले तरी बाधणार नाही असे अन्न कुठे मिळते, रात्री उशिरा काय उघडे असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. अशा छोट्या खानावळींकडे जाहिरातीला पैसा नसतो, म्हणून त्या पुरवणीत येत नाहीत. निदान अर्धी जागा त्यांना द्यावी. त्यांच्याबाबत थोडे हळुवार असावे, असेही मला वाटते. चार टेबलांच्या खानावळीत कमतरता दिसली तर ती आधी मालकाच्या कानावर घालावी, काही दिवसांनी पुन्हा जावे आणि मग लिहावे, कारण एका वाईट परीक्षणाने तिला टाळे लागू शकते. मोठ्या हॉटेलांना ही सवलत नको.

हे दर आठवड्याला जमणार नसेल तर महिन्यातून एकदा चालेल, पण बिल भरून आणि ओळख न देता केलेले असावे. आपला निर्णय पुरवणीतूनच कळवावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक