सेल मारायच्या आधीचे सहा सेकंद

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात तुमच्या पेपरात कृष्णेच्या पाणीपातळीचा चौकोन येतो तो मी चहाच्या आधी वाचतो, आयर्विन पुलाजवळ किती फूट, कोयनेतनं किती सोडलं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, सांगलीच्या शेंबड्या पोराला पण हे पाठ असतंय. पण ह्याच सांगलीकराला विचारा की बाबा तुझ्या गाडीची चावी फिरवल्यावर मीटरमध्ये जे लाल पिवळे दिवे लागतात ते कुठले आणि किती वेळानं जातात, तर तो म्हणणार लागतात आणि जातात की, त्यात काय बघायचंय. मी पण तसलाच होतो. माझी गोष्ट ऐकली तर दोन-चार जणांचे पैसे आणि कदाचित हातपाय वाचतील म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, कात्री लावली तरी चालेल पण मधला भाग कापू नका.

मी २०२० मध्ये एक जुनी पेट्रोल गाडी घेतली, २०१६ चं मॉडेल, वरचं, दोन एअरबॅगवालं. कुणाकडनं घेतली ते लिहीत नाही. पॉलिश एकदम चकाचक, आत अत्तराचा वास (तो वास कशासाठी मारला होता ते नंतर कळलं), किलोमीटर कमी, टायर बरे. मी काय बघितलं, तर एसी लागतोय का, टेप वाजतोय का आणि हॉर्न. चावी घातली, सर्रकन फिरवली, गाडी एका सेलमध्ये चालू, झालं, टोकन दिलं.

अडीच वर्षं काही त्रास नाही. मग एकदा भाचा आला, तो ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो, शंभर फुटी रोडला आधी एका गॅरेजात होता आता स्वतःचं आहे. मला मिरजेला सोडायला म्हणून तो ड्रायव्हर सीटवर बसला, चावी फिरवली आणि तसाच थांबला. मी म्हटलं मार की सेल, काय झालं. तो म्हणाला मामा जरा गप बसा. मग सेल मारला, परत बंद केली, परत चावी अर्धी फिरवून थांबला, परत सेल मारला. असं तीनदा. आणि म्हणाला, "मामा, हे दोन दिवे एकदम कसे काय जातायत?"

आता हे दोन दिवे एकदम जाण्यात एवढं काय ते मला पण तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून जसं त्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

चावीला टप्पे असतात. पहिला लॉक, मग एसीसी म्हणजे टेप-चार्जरपुरता करंट, मग ऑन, आणि शेवटी स्टार्ट म्हणजे सेल. आपण काय करतो, लॉकमधनं थेट सेलवर जातो, मधलं ऑन हे स्टेशन लागतंय हेच आपल्याला माहीत नसतंय, एक्स्प्रेस गाडी. पण सगळी गंमत त्या ऑनमध्ये आहे. ऑन झालं की गाडीतले सगळे कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटरच, जागे होतात, इंजिनचा वेगळा, एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वेगळा, एअरबॅगचा वेगळा, आणि प्रत्येक जण आधी स्वतःची तपासणी करतो. पेट्रोल गाडी असेल तर मागच्या सीटखालनं घुंईऽ असा बारीक आवाज येतो दोनेक सेकंद, तो टाकीतला पंप, लाईनमध्ये प्रेशर भरून ठेवतो आणि सेल लागला नाही तर आपोआप बंद होतो. इतकी वर्षं गाडी चालवून मी तो आवाज कधी ऐकला नव्हता, कारण त्याच्यावरच सेलची घरघर व्हायची.

त्याच वेळी चावीची पण चौकशी होते. चावीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते, तिला स्वतःची बॅटरी-बिटरी काही लागत नाही, कुलपाभोवती तारेचं एक कडं असतंय ते तिला तेवढ्यापुरती वीज देतं आणि ती आपला नंबर सांगते. नंबर पटला तरच इंजिनचा कंट्रोलर पेट्रोल सोडतो. बाजारात बसून कानस मारून दिलेली डुप्लिकेट चावी दार उघडते, सेल पण मारते, पण गाडी चालू होत नाही ती ह्याच्यामुळं. आमच्या शेजाऱ्यांनी अशा चावीवर सेल मारून मारून बॅटरी बसवली आणि वर चावीवाल्याशी भांडले, असो.

तर दिवे. ऑन केलं की जवळजवळ सगळे दिवे लागतात, लागलेच पाहिजेत, म्हणजे दिवा जिवंत आहे हे कळतं. त्यातले काही इंजिन चालू नसतानाही आपले आपण विझतात. एबीएसचा साधारण तीन-चार सेकंदात जातो, एअरबॅगचा, म्हणजे पुढ्यात गोळा घेऊन बसलेल्या माणसाचं चित्र असतंय तो, बहुतेक गाड्यांत सहा-सात सेकंद राहतो आणि जातो. त्या सहा सेकंदात एअरबॅगचा कंट्रोलर प्रत्येक फुग्याच्या वायरमधनं अगदी बारीक करंट सोडून बघतो की सर्किट पूर्ण आहे का, स्टिअरिंगमधली गुंडाळी-वायर तुटली नाही ना, कपलर म्हणजे वायरींचा जोड निघाला नाही ना. सगळं बरोबर असेल तर दिवा बंद. काही गडबड असली की दिवा तसाच राहतो नाहीतर लुकलुकतो, आणि तेव्हा अपघातात फुगा उघडेल ह्याचा भरवसा नाही.

दुसरे दिवे आहेत ते इंजिन चालू झाल्याशिवाय जाऊच शकत नाहीत. ऑईलची किटली, कारण इंजिन फिरल्याशिवाय ऑईलचं प्रेशर येणार कुठनं. बॅटरीचा लाल डबा, कारण अल्टरनेटर फिरल्याशिवाय चार्जिंग नाही. इंजिनचा पिवळा दिवा पण तसाच. हे ऑनमध्ये लागून राहिले तर घाबरायचं नाही, उलट लागले नाहीत तर घाबरायचं.

आता भाच्याचा प्रश्न परत वाचा. माझ्या गाडीत एअरबॅगचा दिवा सहा सेकंदात जात नव्हता. दहा झाले, वीस झाले, किटलीच्या जोडीनं तो बसलेलाच. आणि सेल मारला, इंजिन लागलं, की किटली आणि एअरबॅग एकाच ठोक्याला गायब. एअरबॅगला आणि ऑईलच्या प्रेशरला काय घेणंदेणं? काहीच नाही. भाच्यानं मीटर उघडलं तर मागं एअरबॅगच्या दिव्याची वायर तोडून ऑईलच्या दिव्याच्या वायरीला पिळा देऊन जोडलेली, वर काळी टेप. म्हणजे ऑईलचा दिवा लागला की हा लागणार, तो विझला की हा विझणार, आणि माझ्यासारखा थेट सेल मारणारा माणूस जन्मात हे ओळखणार नाही. दिवा नुसता काढून टाकला असता तर एखाद्या जाणकाराला तो लागतच नाही हे दिसलं असतं, म्हणून ही शक्कल. ज्यानं केलं तो कारागीर हुशार होता हे मान्य करायलाच पाहिजे, रागाच्या भरात पण भाचा म्हणाला काम सफाईचं आहे.

मग त्यानं गियरच्या मागचा मधला कप्पा काढला, त्याच्या खाली जमिनीला लागून एअरबॅगचा कंट्रोलर असतो. कपलर पिवळा, एअरबॅगचे कपलर पिवळेच असतात म्हणजे मेकॅनिकनं उगाच हात लावू नये, पण आतल्या पिना हिरव्या झालेल्या. कार्पेट उचललं तर खाली वाळलेला बारीक गाळ, सीटच्या पट्ट्या गंजलेल्या. तो गाळ कुठला ते सांगलीत सांगायला लागत नाही. ऑगस्ट २०१९, पाणी ५७ फुटाच्या वर गेलं होतं, गावभागातनं होड्या फिरल्या, त्यात ही गाडी कुठंतरी सीटपर्यंत बुडून उभी होती आणि पुढच्या वर्षी अत्तर मारून माझ्याकडं आली. बुडालेली गाडी चालत नाही असं नाही, चालते की, इंजिन खोलून साफ करतात, ऑईल बदलतात, गाडी चालते. पण वायरिंग आणि कंट्रोलर आतनं सडत राहतात आणि ते पहिल्यांदा कोण सांगतं तर हे दिवे, म्हणून आधी त्यांचंच तोंड दाबतात.

अडीच वर्षं मी ह्या गाडीतनं नातवंडांना घेऊन कोल्हापूर केलं, खंबाटकी घाटातनं पुणे केलं, समोर स्टिअरिंगवर एअरबॅग असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आणि आत काहीच नाही.

हा झाला दिव्याचं तोंड दाबायचा प्रकार, ह्याच्या उलटं पण होतं. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी सेल मारला, तो टक् टक् टक् करून कसाबसा लागला आणि एबीएस, इंजिन, स्टिअरिंग, सगळे दिवे एकदम पेटून बसले, दिवाळीच. भाचा गावाला गेलेला, म्हणून जवळच्या एका गॅरेजात नेली, त्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचे सात-आठ कोड आले, म्हणाले एबीएसचं मोड्यूल म्हणजे कंट्रोलर गेलाय, आणि जो आकडा सांगितला त्यात माझ्या पोराची पहिली बाईक आली होती. मी म्हटलं दोन दिवस थांबतो. भाच्यानं येऊन बोनेट उघडलं, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरंहिरवं भुरकट चढलेलं, गरम पाणी ओतून ब्रश मारला, नट आवळला, कोड पुसले, सगळे दिवे गेले ते आजतागायत आले नाहीत.

कारण असं की सेल एका दमात शंभर अँपिअरच्या वर ओढतो. बरी बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवते, सेल मारताना ती क्षणभर दहाच्या आसपास येते आणि तिथंच सावरते. म्हणून तर सेल मारताना टेप आणि पंखा गाडी स्वतःच बंद करते, सगळा जोर सेलला. पण टर्मिनल सैल असेल नाहीतर बॅटरी म्हातारी असेल तर व्होल्ट नऊच्या पण खाली जातात आणि मग कंट्रोलरना चक्कर येते, एक बंद पडून परत चालू होतो, दुसरा म्हणतो पहिला उत्तर देत नाही, तिसरा म्हणतो मला सिग्नल नाही, आणि प्रत्येक जण आपापला दिवा लावून मोकळा. रोग एक, तक्रारी आठ. तेव्हा सकाळी सकाळी एकदम सगळे दिवे लागले तर आधी व्होल्टमीटर लावून बॅटरीचे व्होल्ट बघायला सांगा, पाच मिनिटाचं काम आहे, आणि गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ येतात का ते पण.

आणि जुन्या मिस्त्री लोकांना हात जोडून विनंती, चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "बघा डायनामा चांगला आहे, गाडी बंद पडत नाही" हे दाखवणं आता सोडा. ॲम्बेसिडरला चालायचं ते. आता बॅटरी निघाली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणात उसळतो आणि कुठला कंट्रोलर जळेल सांगता येत नाही. धक्का स्टार्टचं पण तेच, थोडी उतरलेली बॅटरी असेल तर एखादवेळ लागेल, पण पूर्ण मेलेल्या बॅटरीवर पंपाला आणि कंट्रोलरलाच वीज नाही तर चार माणसं वखारभागापासून विश्रामबागपर्यंत ढकलत गेली तरी काय होणार.

जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्यांनी एवढंच करा. मालकाला म्हणा चावी माझ्या हातात द्या. ऑनवर आणा आणि हात काढा. मनात मोजा. कुठला दिवा लागतच नाही ते बघा, कुठला आपला आपण जातो ते बघा, मगच सेल मारा आणि कुठले जोडीनं गेले ते बघा. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर किंवा क्लचवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबा, बहुतेक गाड्यांत ऑन होतं. मालक बाजूनं "चालू करा की साहेब, एका सेलला लागते" म्हणून घाई करायला लागला तर अजून सावकाश मोजा. शक्य असेल तर ओळखीचा स्कॅनरवाला न्या, कालच कोड पुसून गाडी दाखवायला आणली असेल तर स्कॅनरवर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या "नॉट रेडी" म्हणजे अपुऱ्या दिसतात, त्या पूर्ण व्हायला गाडी चार दिवस चालावी लागते. गाडी नावावर करताना कागद बघितले जातात, हे कोण बघत नाही, आणि घरच्या गाडीला पहिली १५ वर्षं फिटनेस लागत नाही, म्हणजे आपल्यालाच बघायचंय.

माझ्या गाडीत नवीन कंट्रोलर टाकला, भंगारातला स्वस्त मिळत होता पण भाचा नको म्हणाला, कुठल्या ठोकलेल्या गाडीतला असेल सांगता येत नाही. वायर परत जागेवर जोडली. आता सहा सेकंदात जातो दिवा.

तुमच्या वाहनाच्या पानावर नव्या गाड्यांचे फोटो दर आठवड्याला येतात, एकदा ह्या दिव्यांची चित्रं छापा, कुठला किती वेळात जातो ते खाली लिहा. पावसाळ्याच्या आत छापलं तर बरं.

आपला,
एक वाचक, माधवनगर, सांगली

ता. क. उंदीर वायर खातात म्हणून बोनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधा असं सगळे सांगतात. मी बांधली होती. उंदरानं पुडी बाजूला सारून शेजारची वायर खाल्ली, तेव्हा इंजिनचा दिवा मात्र प्रामाणिकपणे लागून राहिला.