वाचनालयातल्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

वेचणी परवा उरकली, म्हणून आज लिहायला बसले.

सप्ताहासाठी देवळाच्या भिंतीवर रुक्मिणीहरण काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा जवळ नमुना एकच होता. कॅलेंडरवरचा रथ, आणि कृष्णानं दंडाला धरून ओढलेली रुक्मिणी. तुम्ही तो पाहून विचारलंत, "अगं, पत्र कुठं आहे?" आणि वाचनालयाबाहेर न द्यायचं ते पहाडी चित्रांचं जाड पुस्तक कापडात गुंडाळून माझ्या हाती दिलंत, भिंगासकट.

रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर आम्हाला नदीपलीकडे. तिथून पंढरपूरला निघणारी रुक्मिणीची पालखी बघतच मी मोठी झाले. तिनं कृष्णाला लिहिलं, लग्नाच्या आदल्या दिवशी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाईन, तिथून मला ने, हे कीर्तनात ऐकलं होतं. भागवतात त्या पत्राचे सात श्लोक आहेत. बेत सगळा तिचा, आणि मी तिला ओढून नेणार होते! पहाडी चित्रकारांनी ही कथा पानामागून पान रंगवली. त्यांचं कुंडिनपूर, म्हणजे आपलं कौंडण्यपूर, हिमालयाच्या पायथ्याच्या राजवाड्यांसारखं दिसतं, पण रुक्मिणी आपलीच वाटते.

जास्त रमले ती गीतगोविंदात. जयदेवाचं काव्य 12व्या शतकातलं. गुलेर या पहाडी संस्थानातल्या माणकू चित्रकारानं 1730 मध्ये त्याची चित्रं केली, पुढे 1775च्या सुमारास त्याच्या आणि भाऊ नैनसुखच्या मुलांच्या पिढीनं. पहिल्याच श्लोकात आभाळ ढगांनी दाटलेलं, तमालांनी रान काळोखलेलं. नंद म्हणतो, हा कृष्ण रात्रीला भितो, राधे, तूच याला घरी ने. तुम्ही म्हणाला होता, "ढगाचा रंग बघ, मग कृष्णाचा बघ." मृगात आभाळाकडे डोळे लावून बसणारे आम्ही कास्तकार, तरी घनश्याम हा शब्द मला त्या रात्री भिंगातून कळला.

आणि ती अभिसारिका, रात्री प्रियकराला भेटायला निघालेली नायिका! पायाशी साप, वर वीज, तरी निघालेली. आमची आजी गुडघे धरून वारीला निघायची, तिचा चेहरा असाच असायचा. बसोहली या दुसऱ्या पहाडी संस्थानाच्या चित्रांत दागिन्यांतल्या पाचूच्या जागी भुंगेऱ्याच्या हिरव्या पंखांचे तुकडे चिकटवलेत, ते तर मी मुलांना चारचारदा दाखवलं.

भिंतीवर आता देवीच्या पायरीवर उभी रुक्मिणी आहे. रथाकडे हात तिनंच पुढे केलाय. वरच्या कोपऱ्यात पत्र घेऊन निघालेला ब्राह्मण आहे.

पुस्तक सोमवारी आणते, कापड धुऊन. भिंग आणखी आठ दिवस ठेवू का?

तुमची,
नदीअलीकडची पोरगी