ड्रोन जरा खाली उतरवा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

घर, भूप्रदेश आणि सीमा या विषयांवरील लघुपटांविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकाने ‘डोळ्यांचे पारणे फेडणाऱ्या विहंगम दृश्यां’चे भरभरून कौतुक केले आहे. मी पेशाने चित्रपट-संकलक, आणि माझी तक्रार नेमकी या दृश्यांबद्दलच आहे. विषय ताटातुटीचा असला की पहिला शॉट ड्रोनचा, हे ठरलेलेच. डोंगर, नदी, मधोमध कुंपण आणि मागे रडवे संगीत!

घर सुटलेल्या माणसाने आपले गाव त्या उंचीवरून पाहिलेले असते का? त्याला आठवते ते वळण, उंबरठा, नीट न लागणारी कडी. वरून जमीन न्याहाळतो तो सीमा आखणारा.

फराह नाबुलसी यांचा ‘द प्रेझेंट’ (2020) जेमतेम 24 मिनिटांचा आहे. इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधला एक पॅलेस्टिनी बाप लहान मुलीला घेऊन बायकोसाठी फ्रिज आणायला निघतो, एवढीच गोष्ट. परतताना तपासणी नाक्यावरच्या पादचारी वाटेतून तो फ्रिज जात नाही. सीमा किती अरुंद असते, ते तिथे कळते. हे आकाशातून कसे दिसणार?

बैरूटच्या कलावंत मोना हाटुम यांनी तर 1988 मध्ये ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ या व्हिडिओत भूप्रदेशच गाळला. त्या 1975 मध्ये लंडनला गेल्या आणि लेबनॉनमध्ये यादवी पेटल्याने तिथेच अडकल्या. पंधरा मिनिटांत बैरूटचा एकही रस्ता नाही. पडद्यावर आईची छायाचित्रे आणि त्यांवर तिच्या पत्रांतली अरबी अक्षरे, तारेच्या कुंपणासारखी. मुलगी, म्हणजे स्वतः हाटुम, ती पत्रे इंग्रजीत वाचते, आणि त्याच वेळी मागे मायलेकींच्या अरबी गप्पा चालू असतात, खळखळून हसण्यासकट. मला विचाराल तर घर त्या हसण्यात आहे.

ऑस्करच्या नियमात लघुपटाला श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांची मर्यादा आहे; बहुतेकांच्या हाती त्याच्या निम्मीही नसतात. त्यातला अर्धा मिनिट हवेत तरंगण्यात घालवणे मला तरी परवडत नाही. दिग्दर्शक माझ्यावर रागावतात, ते वेगळे.

लेखात छायालेखकांची नावे आवर्जून दिली आहेत, ध्वनिमुद्रकाचे एकही नाही. पुढच्या लेखात तेवढी द्यावीत, ही विनंती.

आपली नम्र,
एक संकलक