देवाभाऊ, 100 दिवसांच्या यादीत बारदाना (माल भरायची पोती) पण घ्या

मा. मुख्यमंत्री देवेंद्रजी फडणवीस साहेब, नमस्कार.

वेबसाईट अपडेट करा, ऑफिस स्वच्छ ठेवा, लोकांच्या तक्रारी निकाली काढा असा कार्यक्रम तुम्ही सगळ्या सरकारी ऑफिसांना दिलाय, 100 दिवसांत करून दाखवायचा. चांगलंच आहे, तहसीलमधला संडास वापरण्यासारखा झाला तरी लोक दुवा देतील. पण साहेब, सोयाबीन ऑक्टोबरातच निघालंय आणि सरकारी खरेदी केंद्रावर पोत्यांअभावी अडकलंय, ते तुमचे 100 दिवस संपायची वाट कशी बघणार?

23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल, 5 डिसेंबरला शपथ, 15 तारखेला नागपुरात मंत्रिमंडळाचा विस्तार, 21 ला खातेवाटप. आता जानेवारी 2025 मध्ये पालकमंत्र्यांची यादी आली तर नाशिक-रायगडला लगेच स्थगिती! महायुतीचे 230 आमदार असून एवढा वेळ लागतो म्हणजे कमाल आहे. आणि ह्याच दिवसांत इकडे सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4892 असून बाजारात चार हजाराच्या आसपास भाव, म्हणून सगळे खरेदी केंद्राकडे पळाले. तिथं आधी ओलावा जास्त म्हणून माल परत, मग 12 टक्क्याची अट 15 केली, तोवर ज्याला पैशाची नड होती त्यानं आडत्याला घालून टाकलं होतं. आणि आता मॉइश्चर बरोबर, माल आणा म्हणून मेसेज आलेला, ट्रॅक्टर लाईनीत, तर केंद्रावर पोतीच नाहीत! आमच्याकडं हेच झालं, ट्रॅक्टरचं भाडं मात्र चालूच.

बारदाना बंगालच्या ज्यूट मिलमधून येतो, फोन केला आणि उद्या आला असं होत नाही, हे मंत्रालयात कोणालाच माहीत नव्हतं का? पेरा किती झालाय ते ई-पीक पाहणीत आम्हीच मोबाईलवरून भरून देतो की. खरेदीची 12 जानेवारीची मुदत 31 केली ती ठीक, पण पोतंच नसेल तर तारीख वाढवून काय उपयोग. ज्याची नोंदणी झालीय त्याचा माल घेईपर्यंत काटा बंद करू नका, सरळ हिशोब आहे.

सोयाबीनच्या 6000 भावाचं प्रचारात बोलला होता, कर्जमाफीचं पण, ते आत्ता काढत नाही. लाडक्या बहिणींचे 2100 पण बजेटमध्ये बघू. पण तूर आता निघायला लागलीय, तिचा 2024-25 चा हमीभाव 7550 आहे, तिची नोंदणी, गोदाम आणि पोती एवढं तरी आत्ताच बघून ठेवायला सांगा, नाहीतर मार्चमध्ये परत हेच पत्र नुसतं पिकाचं नाव बदलून पाठवावं लागेल.

आपला,
एक सोयाबीनवाला, जि. वाशीम