मंत्रिमहोदय, माझी सही मिळणार नाही

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
ग्रामविकास, महाराष्ट्र राज्य

विषय : नळाला पाणी नसताना पाणी आल्याची सही मागितल्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची सदस्य आहे. गावात मला 'मेंबर' म्हणतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सकाळी फोन येईल, आणि तो मला नाही, माझ्या नवऱ्याला येईल. ते कसं, ते पुढे सांगते.

गेल्या आठवड्यात पंचायतीत एक पत्र आलं. 'आपल्या गावची नळ पाणीपुरवठा योजना पूर्ण झालेली असून ग्रामपंचायत ती ताब्यात घेण्यास टाळाटाळ करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा नियमानुसार कारवाई करण्यात येईल.' खाली सही वाचता येत नाही, शिक्का मात्र ठळक आहे. गेल्या वर्षी तालुक्याच्या कार्यक्रमात व्यासपीठावरून शब्द मिळाला होता, की येत्या होळीच्या आत शहापूरच्या एकाही बाईच्या डोक्यावर हंडा दिसणार नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो, कारण आम्हाला टेम्पो पाठवून नेलं होतं. होळी झाली. हंडे डोक्यावरच आहेत आणि खुलासा आम्ही करायचा आहे.

तर हा घ्या खुलासा.

योजना 'पूर्ण' आहे म्हणजे काय आहे ते सांगते. शाळेच्या मागच्या टेकाडावर 50,000 लिटरची टाकी आहे, तिला निळा रंग दिलाय आणि वर योजनेचं नाव लिहिलंय. ओढ्याकाठी विहीर आहे. पंपघर आहे, त्याला कुलूप आहे, वीजजोडणी नाही. आणि घरटी नळ आहे. माझ्या दारातला नळ गुडघ्याएवढ्या पाइपाच्या टोकाला बसवलाय, प्लॅस्टिकचा. बसवला त्या दिवशी एक मुलगा आला, मला नळाशेजारी उभं केलं, आधार नंबर घेतला, मोबाइलवर फोटो काढला आणि गेला. त्या फोटोमुळे माझ्या घरात सरकारदरबारी पाणी आलं. प्रत्यक्षात नळाच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय, आणि माझी धाकटी त्या नळाला दप्तर अडकवते.

आमच्या कातकरी वाडीवर तर गंमतच झाली. दिवाळीनंतर तिथली बहुतेक कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. ठेकेदाराची माणसं आली तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. कुलूप लावलेल्या दारापुढे नळ रोवला, फोटो काढला, मोजणी पूर्ण. परत आलेल्या बायांनी मला विचारलं, मेंबर, हे काय उगवलं?

विहिरीचं सांगायचं तर जागा निवडली तेव्हाच गावातली म्हातारी माणसं म्हणाली होती, की हा ओढा माघातच आटतो. पण उद्भवाचा, म्हणजे पाण्याच्या स्रोताचा, दाखला कागदावर मिळालेला, त्यापुढे म्हाताऱ्यांचं कोण ऐकतो? फेब्रुवारी संपता संपता विहिरीचा तळ दिसतो. मग आम्ही चालत ओढ्यातल्या झिऱ्यावर जातो आणि वाटीवाटीनं कळशी भरतो. एक कळशी भरायला किती वेळ लागतो ते तुमच्या खात्यातल्या कुणी कधी उभं राहून पाहिलं तर खुलासे मागणं आपोआप बंद होईल.

टँकर मागितला, तर त्याचंही उत्तर ऐका. टंचाईच्या प्रस्तावावर शेरा आला, की सदर गावात योजना पूर्ण झालेली असल्याने टँकरची आवश्यकता तपासावी. म्हणजे नळाच्या फोटोनं पाणी तर आणलं नाहीच, वर टँकरही घालवला.

आता थोडे आकडे. तुमच्यासारखे मोठे नाहीत, माझ्या वहीतले आहेत. योजनेत माणशी रोज 55 लिटर पाणी धरलंय. आमची वस्ती साधारण 1,400. म्हणजे गावाला दिवसाला 77,000 लिटर लागतं. आणि मुंबईला रोज जातं सुमारे 380 कोटी लिटर, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसा धरणाचं. भातसा शहापूर तालुक्यात. तानसाही शहापूर तालुक्यात, 1892 पासून मुंबईची सेवा करतोय. 380 कोटींना दिवसाच्या सेकंदांनी भागा. मी मोबाइलवर भागलं. मुंबई दोन सेकंदांत जेवढं पाणी घेते तेवढ्यात आमचं गाव दिवसभर अंघोळीसकट भागवेल. मुंबईकरांचं पाणी तोडा असं मी म्हणत नाही, तिथेही आमचीच पोरं कामाला आहेत. पण दोन सेकंद?

तुम्ही म्हणाल, बाई, पाणी हा माझ्या खात्याचा विषय नाही, ते खातं वेगळं. ठाऊक आहे. पंचायत तुमची, नळ दुसऱ्या खात्याचा, वीज तिसऱ्याची, धरण चौथ्याचं, जंगलातून पाइप न्यायचा तर परवानगी पाचव्याची. आणि या पाचही जणांचं एकमत कुठे होतं, तर सही मेंबरनं करावी यावर.

ही सही एवढी का हवी, तेही आता मला कळलंय. गाव 'हर घर जल' म्हणून नुसतं जाहीर करून चालत नाही, ग्रामसभेचा तसा ठराव लागतो. योजना पंचायतीनं ताब्यात घेतली की ठेकेदाराचं उरलेलं बिल निघतं. आणि मग पंप जळला, पाइप फुटला, विहीर आटली, वीजबिल थकलं, तरी सगळं पंचायतीच्या गळ्यात. आमच्या पंचायतीची घरपट्टीच वर्षाला पुरती वसूल होत नाही. पाणी नसलेल्या नळाची पाणीपट्टी मी कुणाच्या दारात जाऊन मागू?

फोनचं सांगते म्हणाले होते. मी सही करणार नाही म्हटल्यावर एका साहेबांनी माझ्या नवऱ्याला फोन केला. "भाऊ, वहिनींना जरा समजवा. सही झाली की उरलेलं कामही होईल, बिलामुळेच अडकलंय." नवरा रिक्षा चालवतो, आसनगाव स्टेशनला उभा असतो. तो म्हणाला, साहेब, मेंबर ती आहे, मी नाही. साहेब हसले म्हणे. 2011 पासून महाराष्ट्रात पंचायतींत बायकांना निम्म्या जागा आहेत, त्याची भाषणं आठ मार्चला ऐकून ऐकून आमचे कान किटले. निम्म्या जागा दिल्यात, आता फोनही त्यांच्याच नंबरावर करायला सांगा.

मेंबर झाले ती माझ्या हौसेनं नाही. महिलेची राखीव जागा होती, बचत गटाच्या बायांनी आग्रह केला, बारावीपर्यंत शिकलेली आहेस, तूच भर फॉर्म. जातीचे कागद, शौचालयाचा दाखला, मुलं किती, अतिक्रमण नाही, थकबाकी नाही, सगळं लिहून दिलं. निवडणुकीचा खर्च 30 दिवसांत सादर केला नाही तर अपात्र, म्हणून चहाच्या बिलाची चिठ्ठीसुद्धा जपून लावली. टाकीवर आणि पाइपांवर झालेल्या खर्चाचा हिशेब कुणी कुणाला किती दिवसांत द्यायचा असतो? तेवढं कळवा.

मी पडघ्याजवळच्या एका गोदामात पॅकिंगला आहे. हजेरी भरली तर पगार, नाहीतर खाडा. मासिक सभा असली की खाडा. तालुक्याला बोलावलं की खाडा, आणि तिथे साहेब जिल्ह्याला गेलेले असतात. प्रशिक्षण असलं की खाडा, त्यात वडापाव मिळतो आणि गावाचा आराखडा लोकांनी कसा करावा हे पडद्यावर दाखवतात. सभेचा भत्ता 200 रुपये, तोही हातात कधी पडेल ते विचारू नका. सप्टेंबर 2024 मध्ये सरपंच-उपसरपंचांचं मानधन दुप्पट झालं, चांगलं झालं, त्यांनाही हाल आहेत. सदस्य नावाचा प्राणी त्या दिवशी कुणाला आठवला नसावा. एकदा आमदार झालेल्या माणसाला जन्मभर महिन्याला 50,000 रुपये निवृत्तिवेतन आहे. आम्ही निवृत्तिवेतन मागत नाही. बुडालेली हजेरी तेवढी द्या. गेल्या पावसाळ्यात मोरी वाहून गेली तेव्हा ताप अंगावर घेऊन मी रात्री पोरांबरोबर दगड टाकत होते, दुसऱ्या दिवशी गोदामात उशीर झाला म्हणून अर्धी हजेरी कापली. सासू म्हणते, हे मेंबरपण घर खातंय. तिला काय उत्तर देऊ?

आणि सत्ता म्हणाल तर काय आहे हो आमच्या हातात? 1993 पासून घटनेतली 73वी दुरुस्ती लागू आहे, 29 विषय पंचायतींकडे द्यायचे म्हणून यादी आहे. ती यादी आम्हाला प्रशिक्षणात पाठ करून घेतली. शाळा आमची, पण शिक्षक कमी पडला तर आम्ही अर्ज करायचा. रस्ता आमचा, पण खडी कुणाकडून हे वरून ठरतं. वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीला येतात अशी जाहिरात असते. येतात खरे, पण पंधराव्या आयोगाचे तर 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेल्यात यावर खर्च करा, त्यावर करा अशी परिपत्रकं, आणि संगणकावर डिजिटल सहीची चावी लागल्याशिवाय रुपया हलत नाही. ज्यांच्याकडे ती चावी, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आणखी दोन गावं आहेत. भला माणूस आहे, पण मंगळवारी दिसला तर पुढच्या मंगळवारपर्यंत नाही.

आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आहे, राज्याचे 2014 चे नियम आहेत, ग्रामसभा सर्वोच्च म्हणे. सर्वोच्च ग्रामसभेनं विहिरीची जागा बदला असा ठराव केला होता. तो ठराव कुठल्या फायलीत सर्वोच्च होऊन बसलाय कोण जाणे.

त्यात मधली वर्षं जिल्हा परिषदेवर आणि पंचायत समितीवर निवडून आलेलं माणूस नव्हतं, प्रशासक होते. कुणाकडे जायचं? निवडणुका तुमच्या वेळेनं होणार, टंचाई मात्र तिच्या वेळेनं येते. याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. डोंगर पोखरून आठ किलोमीटरचा बोगदा केलात, 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला. 701 किलोमीटर! मनापासून कौतुक. डोंगराच्या पोटातून रस्ता जातो आणि दीड किलोमीटरवरच्या कातकरी वाडीला पाइप जात नाही, तांत्रिक अडचण आहे म्हणतात. 'हर घर जल' आधी 2024 पर्यंत होणार होतं, आता 2028 म्हणतात. तोवर माझी मुदत संपेल, माझ्या जागी दुसरी कुणी बसेल आणि तिच्यापुढे हाच कागद सरकवतील.

मागण्या लिहायच्या राहिल्या. पंपाला वीज द्या. विहीर उन्हाळ्यात तपासा, पावसाळ्यात नको. नळाला सलग एक उन्हाळा पाणी येईपर्यंत ताबा घ्या म्हणून आमच्या मागे लागू नका. या वर्षी टँकर द्या. सदस्यांना सभेच्या दिवसाची मजुरी द्या. बस्स.

1 मेच्या ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे. विषयपत्रिकेत बसत नाही असं आधीच कानावर घातलं गेलंय, म्हणून लेखी देऊन पोच घेणार आहे. कर्तव्यात कसूर केली म्हणून ग्रामपंचायत कायद्याचं कलम 39 लावून सदस्याला काढता येतं, हेही एका हितचिंतकानं प्रेमानं सांगितलं. लावा. त्याची सुनावणी विभागीय आयुक्तांपुढे, बेलापूरला. आसनगावहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स हार्बर, रस्ता मी विचारून ठेवलाय. तिथे काढून टाकलं तर अपील शासनाकडे, म्हणजे तुमच्याचकडे येतं, तेव्हा भेट होईलच. फक्त तारीख शक्यतो रविवारची ठेवा. एक खाडा वाचेल.

आपली,
प्रभाग क्रमांक दोनची सदस्य,
ता. शहापूर, जि. ठाणे