काकाजी, नातीचा बोजारा राहिलाच

मिस्त्री काकाजी,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चाल, चहा सांग" म्हणत विषय मोडता, म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. नात वाचून दाखवेलच.

तान्ह्या पोळ्याची, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाची ती सकाळ. नातीचा लाकडी नंदी घेऊन तुम्ही दोघं बोजारा, म्हणजे सणाची खुशाली मागायला आमच्या फाटकाशी आलात, तेव्हा अंगणात माझे फक्त पाय दिसत होते. बाकीचा मी गाडीखाली सरकत होतो. गाडी म्हणजे ती 2010 ची बीएमडब्ल्यू झेड-फोर, जिला गावानं पहिल्याच दिवशी 'बेडकी' नाव ठेवलं. सीट दोन, वजन सोळाशे किलोच्या आसपास, आणि पोट जमिनीला इतकं लागून की गल्लीतली नाली ओलांडताना आई खाली उतरून वाट दाखवते. ऑईल बदलायला नागपूर गाठा, दिवस मोडा, त्यापेक्षा घरीच करू म्हटलं. पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे रन-फ्लॅट टायर असल्यानं गाडीत स्टेपनी नाही आणि जॅकही नाही. मी ट्रॉली जॅक मागवला, चार व्हिडिओ पाहिले आणि झालो मिस्त्री.

तुम्ही पाय धरून मला बाहेर ओढलं. पाठ सोलवटली. "काहून बे, मराचं हाय काय?" एवढंच बोललात. खरं सांगतो, तेव्हा मला रागच आला. मग तुम्ही जॅककडे बोट दाखवलं. रात्री पाऊस होऊन गेला होता. जॅकखाली घातलेल्या शहाबादी फरशीचा एक कोपरा काळ्या मातीत दोन बोटं रुतला होता, जॅक तिरपा झाला होता, आणि आधाराला मी विटा रचल्या होत्या. तुम्ही तळहातानं गाडीला बाजूनं नुसता रेटा दिला. वरची वीट उभी चिरली, जॅक कलंडला आणि बेडकी धप्पकन खाली बसली. मिनिटभरापूर्वी माझी छाती होती तिथंच.

"लाकूड मोडाच्या आधी बोलते. वीट बोलत नाही," तुम्ही म्हणालात. त्यानंतर दोन तास बोजारा बाजूला राहिला.

गाडी ढकलत ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, सिमेंटच्या कोब्यावर नेली. तुम्ही घरून सागाचे ठोकळे आणि फळ्या आणवल्या. पुढची चाकं आधी जाड फळ्यांवर चढवली, तेव्हा कुठे जॅकला खाली शिरायला जागा झाली. हे मला सुचलंच नव्हतं. मी बंपर घासत बसलो होतो. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, मागची बाजू उचलली की तो कामाचा नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून गुटके. जॅक टेकवायचा तो दारांखालच्या पट्टीच्या तळाशी असलेल्या प्लास्टिकच्या चौकोनी ठोकळ्यालाच, मध्ये ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचा तुकडा. ऑईलच्या चेंबरला मुळीच नाही.

उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी स्टँड आणायचं मी म्हणत होतो. पण जॅक ज्या जागी टेकलाय तीच जागा स्टँडलाही हवी, ही अडचण तुम्ही एका वाक्यात सोडवली: "गाडी आपल्याच पायावर उभी राहू दे." चाक जरा उचललं की खाली दोन ठोकळे आडवे, त्यावर दोन त्यांना काटकोनात, आणि जॅक सोडून गाडी चाकासकट त्या रचनेवर. एकदम वर नाही. चारही चाकांना आधी एक थर, मग दुसरा फेरा, मग तिसरा. शेवटी चारही कोपरे सारखे, त्यामुळे जुनं ऑईल पूर्ण निथळलं. मी खाली जायच्या आधी तुम्ही पुन्हा रेटा दिला, या वेळी दोन्ही हातांनी, अंगाचं वजन टाकून. हललं नाही काही. तरी म्हणालात, "आता जा, पण पाय बाहेर ठेव. ओढाले बरे."

ऑईलचं काम त्यामानानं किरकोळ. इंजिन कोमट, नवा वॉशर, साडेसहा लिटर ऑईल, फिल्टर वरूनच निघतो. मी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवल्या जोरानं कसायचा पाना, 25 न्यूटन-मीटरवर लावून बोल्ट कसला, तेव्हा तुम्ही मिशीत हसलात. मग स्वतः पाना लावून पाहिलात आणि म्हणालात, "बरोबर हाय." आजवर मिळालेलं कुठलं सर्टिफिकेट मी याच्यापेक्षा वर ठेवत नाही. जुनं ऑईल नालीत ओतू दिलं नाहीत, कॅनमध्ये भरून घेतलं, तेही बरंच झालं.

पैसे दिले तर तुम्ही कॅन उचलून चालायला लागलात. तुमचे सागाचे ठोकळे अजून आमच्याच शेडमध्ये आहेत, येत्या रविवारी आणून देतो. आणि नातीचा नंदी त्या दिवशी दोन तास आमच्या ओट्यावर तसाच उभा होता. तिच्या बोजाऱ्याचं पाकीट ठोकळ्यांसोबत आणतो. तिनं मोजून घ्यावं, उशिराचं व्याजही त्यात आहे.

तुमचा,
बेडकीवाला